घोळीचं भोत आणि फिशफाइंडरचा ठिपका : पाण्याखालचा मासा ‘ऐकू’ कसा येतो?

पालघर : ऑगस्ट २०२१ ची गोष्ट आपल्या जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही. पावसाळी बंदी उठली, बोटी बाहेर पडल्या आणि मुरबे गावच्या एका बोटीच्या जाळ्यात वाढवणच्या समोरच्या समुद्रात एकाच फेरीत १५७ घोळ आली. लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले. हा भाव मासळीच्या मांसाचा नव्हता. तो होता तिच्या पोटातल्या पिशवीचा, म्हणजे आपण ज्याला भोत म्हणतो त्याचा.

भोत वाळवून परदेशात जातं, तिथे त्याचं सूप होतं, औषधात वापरतात, हे बंदरावर सगळ्यांना माहीत आहे. पण हेच भोत माशाच्या कशाला उपयोगी पडतं? आणि बोटीवरच्या फिशफाइंडरच्या पडद्यावर जो लाल-पिवळा ठिपका दिसतो, त्याचा भोताशी काय संबंध? संबंध अगदी थेट आहे. मासा पाण्यात तरंगतो तो भोतामुळे, घोळ-ढोमा आवाज करतात तो भोताने, आणि यंत्राला मासा सापडतो तोही बहुतेक वेळा भोतामुळेच.

हे समजून घेण्याचं कारण नुसती माहिती एवढंच नाही. मासा शोधणारं यंत्र आज बहुतेक मोठ्या बोटींवर आहे. पण समुद्रात मासा किती उरला हे त्याच तंत्राने मोजण्याचं काम काही देशांत दरवर्षी होतं, त्यावर मासेमारी सुरू करायची की नाही ते ठरतं. आपल्याकडे यंत्र आलं ते फक्त शोधायला. मोजायचं राहूनच गेलं.

पाण्यात डोळा नाही, कान चालतो

आपल्या समुद्राचं पाणी गढूळ. भरती-ओहोटीचा जोर मोठा, खाड्यांचा गाळ येतो. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत अशी स्थिती. स्वच्छ समुद्रातही उजेड काही दहा मीटरच्या पुढे झपाट्याने कमी होतो. मोबाईलच्या आणि वायरलेसच्या लहरी तर खाऱ्या पाण्यात लगेच मरतात.

आवाजाचं उलट आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात जवळपास १५०० मीटर. म्हणजे चौपटीपेक्षा जास्त वेगाने, आणि तोही लांबपर्यंत. १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडोन आणि स्टर्म या दोघांनी हे मोजलं. एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी वर दारूचा भडका उडवला. दुसऱ्या होडीतल्या माणसाने भडका पाहिला आणि पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून घंटा ऐकेपर्यंतचा वेळ मोजला. उत्तर आलं सेकंदाला १४३५ मीटर. गोड्या, थंड पाण्यासाठी ते आजही जवळपास बरोबर आहे.

फिशफाइंडर करतो काय?

डोंगरासमोर हाक मारली की ती परत येते. फिशफाइंडर तेच करतो. बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर खाली आवाजाचा एक छोटा ठोका पाठवतो आणि लगेच गप्प बसून ऐकतो. ठोका तळाला आपटून परत आला की किती वेळ लागला त्यावरून खोली कळते.

समजा तुम्ही ३० वाव पाण्यात आहात. म्हणजे सुमारे ५५ मीटर. आवाज जाऊन-येऊन ११० मीटर चालणार. त्याला लागतात एका सेकंदाचे फक्त सात शतांश. म्हणून यंत्र एका सेकंदात अनेक ठोके पाठवू शकतं आणि पडद्यावर चित्र सरकत राहतं.

तळाच्या अलीकडे मध्येच काही आडवं आलं तर तिथूनही थोडा आवाज परत येतो. आता गंमत पाहा. माशाचं मांस हे बहुतांशी पाणीच. पाण्यातल्या आवाजाला ते फारसं वेगळं वाटत नाही, तो आरपार जातो. पण मांसाच्या आत हवेने भरलेलं भोत असतं. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आदळला की जवळजवळ भिंतीवर आदळल्यासारखा मागे फिरतो. भोत असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतला ९० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा एकट्या भोताचा असतो, असं शास्त्रज्ञांनी मोजून काढलं आहे.

म्हणजे पडद्यावर दिसतो तो मासा नसतो. दिसते ती त्याच्या पोटातली हवा.

यावरून एक गोष्ट लगेच लक्षात येईल. ज्याला भोत नाही, तो यंत्राला नीट दिसत नाही. मुशी आणि पाकट यांना भोत नसतं. आपल्या बोंबलालाही नसतं. बोंबील मऊ, पाणीदार, वर पोटात हवेची पिशवी नाही. त्यामुळे त्याचा ठिपका फिका पडतो. बोंबलासाठी डोल लावणारे आजही भरती-ओहोटी, उधाण-भांग पाहून जाळं लावतात, त्यात मागासलेपण काही नाही.

पडदा वाचताना

ज्यांच्या बोटीवर यंत्र आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. बऱ्याच जणांना अनुभवाने माहीत असतील, पण कारण कळलं की वापर सुधारतो.

एक, बहुतेक यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असतात. आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. २०० चा शंकू अरुंद, चित्र बारीक आणि स्वच्छ, पण खोल पाण्यात दम कमी. ५० चा शंकू रुंद, खोल जातो, पण बारकावे पुसले जातात. शंकूचा कोन १२ अंश धरला तर ५५ मीटरवर फक्त साडेअकरा मीटर रुंदीचा गोल दिसतो. कोन ४० अंश असेल तर ४० मीटरचा. त्या गोलाबाहेर हजारभर मासे असले तरी पडदा कोराच राहणार.

दोन, पडद्यावरची कमान. मासा शंकूच्या कडेला असतो तेव्हा तो यंत्रापासून लांब, बरोबर खाली आला की जवळ, पुढे गेला की परत लांब. त्यामुळे उलट्या वाटीसारखी कमान उमटते. आणि पडद्याची आडवी बाजू अंतर दाखवत नाही, वेळ दाखवते. बोट उभी असेल आणि एकच मासा खाली रेंगाळत असेल तर लांबलचक रेघ उमटते. तिला थवा समजू नका.

तीन, तळाला चिकटून बसलेला मासा तळाच्या जोरदार प्रतिध्वनीत लपतो. शिवाय पंख्यामुळे आणि लाटांमुळे उठलेले बुडबुडे हेही हवाच, तेही ठिपके उमटवतात. ट्रान्सड्यूसरवर शंख-शिंपले चढले असतील तर यंत्र महागाचं असूनही आंधळं होतं. बंदीच्या दोन महिन्यांत बोट वर ओढली की जाळी-इंजिनाबरोबर तेवढं साफ करून घ्या.

चार, ‘यंत्राच्या आवाजाने मासा पळतो का?’ हा प्रश्न नेहमी येतो. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. बहुतेक माशांचा कान तर एक-दोन किलोहर्ट्झच्या आतच चालतो. त्यामुळे ५० किंवा २०० चा ठोका त्यांना ऐकूच जात नाही. मासा बिचकतो तो इंजिनाच्या घरघरीला, कारण ती त्याच्या कानाच्या बरोबर टप्प्यात असते.

हे यंत्र आलं कुठून?

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायच्या होत्या. त्यातून पाण्याखाली आवाज सोडून ऐकण्याचं तंत्र वाढलं. नंतर खोली मोजायला ते जहाजांवर बसलं. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळ कॉड माशांच्या थराचं, यंत्राने कागदावर उमटवलेलं चित्र प्रसिद्ध केलं. मासे ठराविक खोलीवर पट्ट्यासारखे पसरलेले त्यात दिसत होते. मासेमार जे जाळं ओढून अंदाजाने ओळखायचे ते पहिल्यांदा कागदावर आलं. १९४८ मध्ये जपानच्या नागासाकीत फुरुनो बंधूंनी मासेमारी बोटींसाठी यंत्र बाजारात आणलं आणि तिथून ते जगभर पसरलं.

मासा स्वतःही बोलतो

आतापर्यंत झालं ते आपण आवाज सोडायचा आणि ऐकायचा. दुसरी पद्धत त्याहून जुनी आहे. नुसतं ऐकायचं.

शिंगाळा जाळ्यातून काढला की कुरकुरतो, ढोमा गुरगुरतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. घोळ, ढोमा, कोत ही सगळी एकाच कुळातली मासळी. यांच्या भोताला लागून खास स्नायू असतात. ते स्नायू भराभर आखडतात आणि भोत ढोलकीसारखं वाजतं. या कुळातल्या बऱ्याच जातींत फक्त नर वाजवतो, आणि तेही जास्त करून विणीच्या हंगामात, संध्याकाळी. मादीला बोलावणं हाच त्याचा हेतू. शेकडो नर एकदम सुरू झाले की तो आवाज लाकडी बोटीच्या तळातून वर ऐकू येतो.

मलेशियाच्या किनाऱ्यावर असे काही मच्छीमार होते, ज्यांचं कामच पाण्यात उतरून डोकं बुडवून ऐकायचं होतं. कुठल्या बाजूला कोणता मासा आहे, किती आहे हे सांगायचं आणि मग जाळं टाकायचं. ही विद्या शिकायला वर्षं लागायची. यंत्र आल्यावर ते काम करणारे मोजकेच उरले.

अमेरिकेच्या नौदलाला या कुळाने चांगलंच हैराण केलं होतं. १९४२ मध्ये चेसापीक उपसागराच्या तोंडाशी शत्रूच्या पाणबुड्या ऐकण्यासाठी पाण्याखाली मायक्रोफोन लावले. यांना हायड्रोफोन म्हणतात. वसंत ऋतू आला आणि त्यातून असा काही गोंगाट सुरू झाला की पाणबुडीचं काही कळेना. तो गोंगाट ढोम्याच्या भाऊबंदांचा होता. पुढे मेरी पोलंड फिश या शास्त्रज्ञ बाईंनी नौदलासाठी तीनशेहून जास्त जातींचे आवाज तपासले. आडनावच फिश, पण योगायोग.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड आयलंडजवळ आणि झुआरी नदीच्या मुखाकडे हायड्रोफोन लावून माशांचा सामूहिक आवाज नोंदवला आहे. कोणत्या वेळी कोणता गट वाजतो हे त्यातून वेगळं काढता येतं. न जाळं टाकता, न एक मासा मारता.

बोलला की सापडला

हाच आवाज माशाच्या जिवावरही उठतो.

मेक्सिकोत कोलोरॅडो नदीच्या मुखाशी गल्फ कोर्विना नावाचा मासा दर वर्षी वसंतात विणीला येतो. हाही घोळीच्याच कुळातला. लाखोंनी येतो आणि एकदम वाजतो. तो आवाज शास्त्रज्ञांनी मोजला तेव्हा माशांच्या नोंदवलेल्या आवाजांत तो सगळ्यात मोठ्यांपैकी ठरला, समुद्री सस्तन प्राण्यांच्या कानाला इजा होईल इतका. तिथले मच्छीमार इंजिन बंद करून बोटीच्या तळातून ऐकतात आणि जाळं टाकतात. थोड्या दिवसांत लाखो मासे निघतात, आणि ते सगळे अंडी घालायला आलेले.

चीनमध्ये तर याहून वाईट झालं. तिथला मोठा पिवळा ढोमा हा पूर्वी गरिबाचा मासा होता. या कुळातल्या माशांच्या डोक्यात दोन मोठे पांढरे खडे असतात. घोळीचं डोकं फोडणाऱ्या प्रत्येक बाईने ते पाहिले आहेत. ते ऐकण्याच्या इंद्रियाचा भाग आहेत. खडे मोठे म्हणून कानही तिखट. १९५० च्या दशकात तिथे अनेक होड्या गोल करून लाकडावर लाकूड ठोकायचे. त्या आवाजाने मासा, लहान-मोठा सगळा, बधिर होऊन वर यायचा. सरकारला १९६० च्या दशकात त्यावर बंदी आणावी लागली. मग यांत्रिक बोटींनी विणीचे आणि थंडीचे थवे शोधून काढले. १९७० च्या दशकानंतर जंगली मासा जवळजवळ संपला. आज बाजारात मिळतो तो बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला.

आणि खुद्द आपली घोळ? उत्तर ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्क भागात हीच जात ठराविक ठिकाणी जमते. १९९० च्या दशकात ती ठिकाणं सगळ्यांना कळली. थोड्याच वर्षांत जाळ्या-गळाला मोठी मासळी येईनाशी झाली, यायची ती विणीच्या वयाला न पोचलेली. शेवटी तिथल्या मूळ रहिवासी समाजाने स्वतःहून दोन वर्षं घोळ पकडायची नाही असं ठरवलं. सरकारी नोटिशीची वाट पाहिली नाही.

मोजायचं कसं?

पेरूचं उदाहरण घ्या. तिथे अँकोव्हेटा हा लहान मासा, मांदेलीच्या नात्यातला, लाखो टनांनी पकडतात. हंगामाआधी तिथली सरकारी संशोधन संस्था जहाज काढते. जहाज किनाऱ्यापासून आडव्या रेघा मारत फिरतं आणि सतत आवाजाचे ठोके पाठवून प्रतिध्वनी नोंदवतं. मध्ये मध्ये जाळं टाकून मासा कोणता, केवढा हे पाहतं.

हिशेब साधा आहे. लग्नाच्या मांडवात सगळे एकदम बोलत असतील आणि एका माणसाच्या बोलण्याचा आवाज किती हे माहीत असेल, तर भागाकार करून माणसं किती याचा अंदाज येतो. तसंच एका माशाचा प्रतिध्वनी किती हे माहीत असलं की एकूण प्रतिध्वनीला त्याने भागायचं. जून २०२३ मध्ये पेरूच्या पाहणीत पिल्लांचंच प्रमाण जास्त निघालं, आणि मुख्य पट्ट्यातला वर्षाचा पहिला हंगाम सरळ रद्द झाला. कारखाने बसून राहिले, लोकांचं नुकसान झालं. पण मासा विणीपर्यंत वाचला.

आपल्याकडे हे तितकं सोपं नाही, हेही खरं. पेरूत एकाच जातीचा प्रचंड थवा असतो. आपल्या एका जाळ्यात वीस जाती निघतात. त्यात बोंबलासारखे भोत नसलेले. उथळ गढूळ पाणी, गाळाचा तळ. पडद्यावरचा ठिपका कोणत्या माशाचा हे यंत्र सांगत नाही. म्हणून आपल्याकडचे अंदाज मुख्यतः बंदरावर उतरलेल्या मासळीच्या नोंदीवरून निघतात. म्हणजे बाहेर काढलेला मासा मोजायचा आणि आत किती असेल ते ताडायचं.

पण घोळ-ढोम्याच्या बाबतीत नुसतं ऐकण्याची पद्धत आपल्याकडेही चालू शकते. हायड्रोफोनला गढूळ पाण्याची अडचण नाही. तो तळाशी ठेवून महिनाभर नोंद घेता येते. घोळ कुठे वाजते, कोणत्या महिन्यात, अमावास्या-पौर्णिमेला जास्त की कमी, एवढं कळलं तरी विणीची जागा आणि वेळ कळते. १ जून ते ३१ जुलै ही बंदी घोळीच्या विणीला खरंच पुरते का, याचं उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा ऐकून देता येईल. पापलेट राज्यमासा झाला, २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. आकार जाळ्यात आल्यावर मोजता येतो. विणीची जागा मात्र आधीच माहीत असावी लागते.

आवाजाचा त्रासही असतो

शेवटचा मुद्दा आपल्या किनाऱ्याच्या जिव्हाळ्याचा. मासा आवाजावर जगतो, तर माणसाच्या आवाजाने त्याचं काय होतं?

नॉर्वेजवळच्या बॅरेंट्स समुद्रात १९९२ मध्ये मुद्दाम चाचणी घेतली. तेलाच्या शोधासाठी समुद्रात हवेच्या दाबाचे बार उडवतात, तसे उडवले आणि आधी-नंतर मासेमारी करून पाहिली. ट्रॉलरला मिळणारी कॉड आणि हॅडॉक सरासरी निम्म्याने घटली. १८ सागरी मैलांपर्यंत परिणाम दिसला, आणि बार थांबल्यावर पाच दिवसांतही मासळी पूर्वीसारखी झाली नव्हती. बंदराच्या कामात खांब ठोकताना होणाऱ्या दणक्याने जवळच्या माशांचं भोत फुटू शकतं, हेही प्रयोगांत सिद्ध झालं आहे. भोत जितकं चांगलं, तितका धोका जास्त.

आपल्या समोरच्या समुद्रात तेलासाठीची सर्वेक्षणं होतात. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. बंदर हवं की नको हा वाद वेगळा, त्यात इथे शिरायचं नाही. पण काम सुरू होण्याआधीचा समुद्र कसा वाजत होता याची नोंद असेल, तरच नंतर काय बदललं ते सांगता येईल. नाहीतर ‘मासा कमी झाला’ असं मच्छीमार म्हणणार, ‘पुरावा काय’ असं समोरचा विचारणार, आणि कागदावर काहीच नसणार. हायड्रोफोन लावून घेतलेली वर्षभराची नोंद हा असा कागद आहे. मच्छीमार संस्थांनी, ग्रामसभांनी तो मागायला हरकत नाही.

तोपर्यंत एक काम प्रत्येक तांडेलाला जमण्यासारखं आहे. समुद्रात इंजिन बंद असताना तळातून घोळ-ढोम्याचा आवाज आला, तर तारीख, तिथी, वेळ, किती वाव पाणी आणि जीपीएसचा आकडा एका वहीत लिहून ठेवा. जागा कुणाला सांगायची नसेल तर सांगू नका, ते धंद्याचं गुपित आहे. पण वही ठेवा. जुन्या लोकांच्या कानात जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. पोरांच्या हाती निदान वही तरी राहील.